बसायला जागा

लोक फोनवर मला पहिला प्रश्न विचारतात तो हा, की ताई, आमचं घर जास्तच वाईट आहे का हो? आता घर न बघता मी काय सांगणार. पण सवयीनं मी उलट विचारते. सगळी दारं पूर्ण उघडतात का? पलंगावर तुम्ही झोपता की कपडे झोपतात? घरी शेवटचं माणूस कधी येऊन बसलं होतं? दोन-तीन उत्तरांत अंदाज येतो. तुमचाही आला होता. घाबरू नका, पसाऱ्याची तुमची पहिलीच पायरी आहे, माझ्या स्वतःच्या घरासारखी. कुणी येणार म्हटलं की सगळं उचलून आतल्या खोलीत टाकायचं आणि दार लोटून घ्यायचं. एवढ्यावर भागतंय तोवर माणूस ठणठणीत समजावा.

चहा ठेवलाच आहे तर बसते थोडी. आणि मघाशी तुम्ही विचारलंत ना, की इतकी घरं उपसलीत, कधी काही वेगळं सापडलं का... तर एक सांगते. भर दुपारची गोष्ट आहे. आमचं काम सकाळी सुरू होतं आणि दिवेलागणीच्या आत संपतं, रात्री फिरणाऱ्यांशी आमची गाठ पडत नाही.

आमचं म्हणजे माझं आणि वहिनीचं. वहिनी माझ्या भावाची बायको. नणंद-भावजय मिळून धंदा काढणार म्हटल्यावर घरातल्यांनी तोंडावर शुभेच्छा दिल्या आणि मागे पैजा लावल्या. अजून कुणी जिंकलेलं नाही. वहिनी पूर्वी कापडाच्या दुकानात होती, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट तिला घडी घालून ठेवता येते, असा तिचा दावा आहे. तिसरा आमचा टेम्पोवाला. त्याला आम्ही पोपट म्हणतो, कारण गाडी सुरू झाली की त्याचं तोंड सुरू होतं, आणि गाडी बंद केली तरी तोंड बंद होईलच असं नाही.

एके दिवशी सकाळी एका बाईंचा फोन आला. मामी गेल्यापासून त्यांचे मामा एकटेच राहत होते. घरातला वर्तमानपत्रांचा ढीग अंगावर कोसळला आणि म्हातारा सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याखाली अडकून पडला. शेजाऱ्यांनी हाक ऐकली म्हणून वाचला. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, घर राहण्याजोगं झालं तरच यांना एकटं राहू द्यायचं. अग्निशमनचा अधिकारी येऊन बघून जाणार होता. त्यानं नकार दिला तर मामांना वृद्धाश्रमात हलवायचं आणि घर विकायचं.

"मामा तिथं जगणार नाहीत हो," भाची म्हणाली. "तसे ते खूप मजेशीर आहेत. फक्त घर तेवढं..." आणि पुढचं तिला बोलवेना.

आम्ही गेलो. दुसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी. मामांनीच दार उघडलं. दार अर्धंच उघडलं, पण मामा पूर्ण हसले. बारीक अंगकाठी, पांढरीशुभ्र दाढी, शर्टाला कडक इस्त्री.

"या, या. आत सरका. आत भरपूर जागा आहे."

वहिनीनं त्यांच्या खांद्यावरून आत बघितलं. "कुठं?"

"नाहीये," मामा म्हणाले. "पण बोलायची सवय. जन्मभर बसमध्ये कंडक्टर होतो."

वहिनीचं आणि त्यांचं तिथंच जमलं.

आत गेलो तसा मागचा जिन्यातला उजेड संपला. दोन्ही बाजूंनी छातीपर्यंत गठ्ठे, मधे एका माणसापुरती वाट. भिंतींपाशी गठ्ठे आणखी उंच, खिडक्या त्यांच्यामागे कुठं तरी असणार, कारण वरच्या फटीतून चहाच्या रंगाचा उजेड झिरपत होता. वास जुन्या कागदाचा, दमट पुठ्ठ्याचा. आणि आवाज. ज्यांनी असं घर पाहिलेलं नाही त्यांना हे ठाऊक नसतं, पण पसारा गप्प नसतो. कागद कागदावर बसत असतो. कुठं तरी पिशवी हळूच सैल होते, कुठं पुठ्ठा दबतो. तुम्ही श्वास घेता तेव्हा घरही घेतं असं वाटतं. मला त्याचं काही वाटत नाही आता. मी पायऱ्या मोजायला घेतल्या.

या पायऱ्या माझ्या नाहीत. आम्ही ज्या समुपदेशक बाईंकडे काम शिकलो त्यांनी शिकवलेल्या. दुसऱ्या पायरीवर एखादं दार अडतं, एखादी गोष्ट मोडते आणि ती दुरुस्त करायला माणूस घरात बोलवायची लाज वाटते म्हणून तशीच राहते. तिसरीत खोली आपलं काम विसरते. न्हाणीघरात भांडी, पलंगावर पेट्या. चौथीत वास, किडे, ओल, वायरींवर कागद. पाचवीत पाणी नाही, वीज नाही, आणि मग तिथं आमच्या आधी डॉक्टर आणि बंबवाले लागतात. बाई एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा सांगायच्या, की पायरी घराची असते, माणसाची नाही. साठवणारा माणूस आळशी नसतो. त्याला वस्तू सोडवत नाही, कारण त्या वस्तूला काहीतरी बांधलेलं असतं. ते काय आहे ते समजल्याशिवाय एक चिंधीही उचलायची नाही, आणि त्यानं हो म्हटल्याशिवाय तर मुळीच नाही. जबरदस्तीनं रिकामं केलेलं घर वर्षाच्या आत पुन्हा भरतं, आणि आधीपेक्षा वाईट भरतं.

नळाला पाणी होतं. एक शेगडी चालत होती. गॅलरीचं दार गठ्ठ्यांमागे गाडलं गेलं होतं, आणि पलंगामागच्या बटणापाशी कागद तपकिरी पडले होते.

"चौथी," मी हळूच म्हणाले.

"साडेतीन," वहिनी म्हणाली. "म्हाताऱ्याचा शर्ट बघ."

मग तिनंच मला कोपरानं ढोसलं. "ताई, एक बघितलंस? बसायला जागा नाही."

"ती कुठल्याच घरात नसते."

"तसं नाही. नीट बघ."

मी नीट बघितलं. भिंतीला टेकून मामांची एक खुर्ची होती, तेवढी मोकळी. बाकी दोन वेताच्या खुर्च्या, स्टूल, बाकडं, पलंगाची दुसरी बाजू, पेटीचं झाकण, अगदी न्हाणीतला पाट, जिथं जिथं माणूस टेकू शकेल तिथं तिथं काहीतरी ठेवलेलं होतं. बाकीचा पसारा कसाही वाढलेला होता. पण या जागांवरचे गठ्ठे दोरीनं आवळलेले, कडा जुळवलेले, आणि प्रत्येकावर वजन. कुठं इस्त्री, कुठं वीट, कुठं पाटा. कागद चाळून बघितले तर घरातले सगळ्यात जुने तेच निघाले. म्हणजे घर भरायला सुरुवात तिथून झाली होती.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू केलं. आता ऐका, इथं मला पहिल्यांदा कोड्यात पडल्यासारखं झालं. साठवणारी माणसं वस्तूला धरून बसतात. एका आजोबांनी माझ्याशी मोडक्या छत्रीच्या काडीवरून आठवडाभर अबोला धरला होता. मामांचं तसं काही नाही. बाटल्या? न्या. डबे? न्या. दोन वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रं? "न्या हो, त्यातल्या सगळ्या बातम्या खोट्या निघाल्या." वाटेतल्या गठ्ठ्यांपाशी ते स्वतः उभे राहून आम्हाला हुकूम सोडत, पोपटाला जिन्यात 'पुढे चला, पुढे चला' म्हणून दामटत, आणि चहाच्या वेळी बसमधले किस्से सांगत. एकदा म्हणे एक बाई बोकड घेऊन चढली आणि त्याचं अर्धं तिकीट मागायला लागली, कारण त्याला अजून दाढी नीट फुटली नव्हती. पोपट हसून हसून जिन्यात बसला.

पण वहिनीनं बाकड्यावरचा गठ्ठा उचलला की मामांचं हसू थांबायचं.

"न्या ना," ते म्हणायचे. "पण आधी त्या जागी दुसरं काहीतरी ठेवा."

"काय ठेवू?"

"काहीही. जड असलं म्हणजे झालं."

मी समुपदेशक बाईंना फोन लावला. त्यांनाही नवल वाटलं. म्हणाल्या, याला वस्तू नको आहेत, याला रिकामी जागा नको आहे. मामी गेल्यानंतर भरायला सुरुवात झाली असेल तर दुःख असं वागतं कधी कधी. घाई करू नका, त्याला कशाची भीती वाटते तेवढं विचारा.

विचारायची वेळ यायच्या आधीच ती दुपार आली.

ऊन रखरखीत होतं. एक खिडकी मोकळी झाली होती आणि कित्येक वर्षांनी खोलीत जमिनीवर उन्हाचा चौकोन पडला होता. आम्ही डबे उघडले. रोज आम्ही जिन्यात बसून जेवायचो, पण त्या दिवशी वहिनीची कंबर धरली होती. तिनं मामांना न विचारता एका वेताच्या खुर्चीवरचा गठ्ठा खाली ठेवला, खुर्ची फडक्यानं पुसली आणि बसली. मामा तेव्हा आत औषध घेत होते. बाहेर आले आणि बघितलं. आपल्या खुर्चीत बसून तिच्याकडे बघत राहिले. तिचं जेवण होईपर्यंत त्यांनी घास घेतला नाही.

वहिनी हात धुवायला उठली.

"उठू नका," मामा एकदम म्हणाले. "उठायचंच असेल तर आधी..."

पण ती गेली होती.

मी डब्याचं झाकण लावत होते. खुर्ची माझ्यापासून हातभर अंतरावर. आधी मला वास आला. पावसात भिजलेला लोकरीचा कोट दाराआड टांगून ठेवला की येतो ना, तसा. बाहेर डांबर वितळत होतं, पावसाचा पत्ता नव्हता. मग वेत करकरला. एकदा, हळू, लांबलचक. एखादं थकलेलं, जड माणूस जपून टेकतं तसा. मी बघितलं. खुर्चीची बैठक मधोमध खोल गेली होती. आणि तशीच राहिली.

मामांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

"मामा..." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"बघू नका," ते पुटपुटले. "मी कधी बघत नाही. गठ्ठा ठेवा... त्याच्यावर ठेवा..."

"कुणाच्यावर?"



वहिनी पदराला हात पुसत आली, आणि खुर्चीकडे बघून जागच्या जागी थांबली. तिनं ती खोल गेलेली बैठक बघितली. नाकानं वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं, आणि मी मान हलवली. वहिनीला मी बऱ्याच प्रसंगांत पाहिलं आहे, उंदीर अंगावर पडलेला असतानाही. तिचा चेहरा तसा झालेला कधी पाहिला नव्हता. दोरीनं बांधलेला गठ्ठा तिनं दोन्ही हातांनी उचलला, खुर्चीवर धरला, आणि खाली सोडेना.

"एवढं वजन कुणाच्या मांडीवर कसं टाकू..." ती म्हणाली.

खुर्ची करकरली. बैठक सावकाश वर आली. वास विरळ झाला. मग वहिनीनं गठ्ठा ठेवला, आणि आम्ही तिघंही जिन्यात येऊन बसलो. पोपट खाली टेम्पोत गाणी ऐकत होता. त्याचं बरं होतं.

मामांनी सांगितलं ते असं. मामी गेल्या त्याच्या दुसऱ्या महिन्यात एका दुपारी समोरची खुर्ची वाजली. त्यांना वाटलं, तीच आली. इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तिला हाक मारली. पण मामी चिमणीएवढ्या होत्या, त्यांच्यानं खुर्ची कधी वाजली नव्हती, आणि त्या दोन मिनिटं गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. हे जे कुणी होतं ते जड होतं, ओलं होतं, आणि नुसतं बसून होतं.

"मी उठून आत गेलो. संध्याकाळी त्या खुर्चीवर पेपरांचा गठ्ठा ठेवला. दुसऱ्या दिवशी दुसरी खुर्ची वाजली. तिच्यावरही ठेवला. मग स्टूल. मग बाकडं. एका दुपारी आडवा झालो होतो तर पलंगाची दुसरी बाजू..." ते थांबले. "तिथं ती झोपायची हो. तिथं मी त्याच दिवशी सगळे कपडे रचले. पुढं पुढं तर मला धीरच राहिला नाही. जिथं मोकळं दिसेल तिथं भरत गेलो."

पहिल्या पायरीपासून चौथीपर्यंत ते घर कसं चढत गेलं ते मला एका दमात कळलं. इतकी घरं पाहिली, पण असं कारण मी कुठं ऐकलं नव्हतं, आणि ते ऐकल्यावर त्या गठ्ठ्यांना पसारा म्हणायला माझी जीभ धजेना.

वहिनीचा रंग हळूहळू परत येत होता. "त्यानं तुम्हाला कधी काही केलं?"

"नाही."

"काही बोललं?"

"नाही."

"तुम्ही काही विचारलंत?"

"मी?" मामा तिच्याकडे बघत राहिले. "मी कशाला विचारू?"

"अहो, कंडक्टर ना तुम्ही? गाडीत चढलेल्या माणसाला कुठं जायचं म्हणून विचारलं नाहीत, बसा म्हटलं नाहीत, उलट दिसेल त्या सीटवर सामान रचलंत. तो बिचारा उभ्यानं किती वर्षं प्रवास करणार?"

मला हसू आलं. एवढी घाबरलेली असताना हसू आलं, आणि मामांनाही आलं. जिन्यातून वर येणाऱ्या शेजारणीला आम्ही तिघं वेडे वाटलो असणार.

अर्थात हसणं सोपं होतं. खुर्ची रिकामी करायला मामांना पुढं दोन दिवस लागले. ठरलं असं की एक खुर्ची त्याची. तीच, वेताची, खिडकीजवळची. बाकी कुठं बसायचं नाही. वहिनीनं गठ्ठा उचलला आणि यावेळी त्या जागी काही ठेवलं नाही. मामा समोर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट. मी दाराची कडी धरून उभी होते, म्हणजे वेळ पडली तर पळता यावं.

बराच वेळ काही झालं नाही. मग तो ओल्या लोकरीचा वास आला.

मामा खाकरले आणि भिंतीकडे न वळता, समोर बघत म्हणाले, "बसा."

वेत करकरला.

"किती दिवस झाले, विचारायचं राहून गेलं. बसा निवांत." थोडा वेळ थांबून ते म्हणाले, "गर्दी नाही आता."

एवढंच. खुर्चीतून उत्तर आलं नाही, कुणी दिसलं नाही. पण मामांचे गुडघ्यांवरचे हात सैल झाले. मी तो बदल बघितला. वहिनीनं सावकाश स्टुलावरचा गठ्ठा उचलला. मामांनी हरकत घेतली नाही. मग बाकड्यावरचा. मग पलंगावरचे कपडे, ज्यांच्या तळाशी मामींच्या साड्या निघाल्या आणि मामांनी त्यातली एक मांडीवर घेऊन बराच वेळ तिच्यावरून हात फिरवला.

त्यानंतर घर भराभर रिकामं झालं. टेम्पोच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. गॅलरीचं दार उघडलं तेव्हा त्याच्या बिजागऱ्यांनी केवढा आरडाओरडा केला. भाची येऊन बघून गेली आणि दारातच रडायला लागली. तिला आम्ही खुर्चीबद्दल काही सांगितलं नाही. मामांनी फक्त तिला पलंगावर बसवलं आणि म्हणाले, "ती खुर्ची सोडून कुठंही बस. तिचा पाय डुगडुगतो."

अग्निशमनचा अधिकारी आला त्या सकाळी मामांनी दाढी विंचरली होती. अधिकारी तरुण, उंच, कपाळाला कायमच्या आठ्या. त्यानं वायरी बघितल्या, गॅलरीचं दार उघडून मिटून बघितलं, वाट पुरेशी रुंद आहे का ते हात पसरून बघितलं. मग घाम पुसत म्हणाला, "जरा टेकतो." आणि खिडकीजवळच्या खुर्चीकडे वळला.

आम्ही तिघं एकदमच पुढे झालो. पण आमच्यापैकी कुणी काही बोलायच्या आत तोच थबकला. अर्धवट वाकलेला सरळ झाला.

"माफ करा," तो म्हणाला, "बसा, बसा." आणि जाऊन बाकड्यावर बसला.

मामांनी मोठ्यानं घसा साफ केला. वहिनी पाणी आणायच्या निमित्तानं आत पळाली. अधिकाऱ्यानं पाणी संपवलं, घर राहण्याजोगं आहे म्हणून सांगितलं, मामांशी हात मिळवला. मी त्याला सोडायला जिन्यापर्यंत गेले. आनंदानं माझे पाय जमिनीवर नव्हते. दोन पायऱ्या उतरून तो मागे वळला.

"म्हातारेबुवा एकटे राहतात ना?"

"हो."

"मग ते दुसरे कोण? भाऊ का?" कपाळावरच्या आठ्या वाढल्या. "त्यांना सांगा जरा, एवढ्या उन्हात तो ओला कोट अंगावर ठेवू नका. आजारी पडतील."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तो खाली उतरून गेला आणि मी कठडा धरून तिथंच उभी राहिले.

असो. मामा घरीच राहिले हे महत्त्वाचं. आम्ही अधूनमधून चक्कर मारायचो, कारण रिकामं केलेलं घर एकदा सोडलं की पुन्हा चढायला लागतं. मामांचं चढलं नाही. थोडाफार पसारा, दुसऱ्या पायरीच्या आतबाहेर, त्यांच्या वयाला शोभेल इतका. शेजारपाजारचे येऊन बसायला लागले. बोकडाच्या तिकिटाची गोष्ट आता सगळ्या इमारतीला पाठ आहे. खिडकीजवळच्या खुर्चीशी ते संध्याकाळी गप्पा मारायचे, असं त्यांनी मला स्वतःच सांगितलं. "ऐकून घेतो हो," म्हणाले. "तिच्याबद्दल सांगितलं सगळं. ती गेली त्या रात्रीचंही सांगितलं. ते मी भाचीलाही सांगितलेलं नाही."

गेल्या आठवड्यात मी पुन्हा गेले होते. वहिनी दुसऱ्या घरी कामावर होती, मी एकटीच. घर छान होतं. मामा मात्र थोडे उतरलेले दिसले.

"येत नाही आता," त्यांनी खिडकीकडे हनुवटी केली. "महिना झाला. खुर्ची गार असते. वास नाही, आवाज नाही. तुम्हाला सांगतो, करमत नाही."

"काही बिनसलं का?"

"छे. काही बोलणंच नाही तर बिनसणार काय?" ते विचार करत म्हणाले, "तुमचा पोपट आला होता ना गॅलरीतलं शेवटचं भंगार न्यायला, त्या दिवसापासून. मीच फोन करून बोलावलं होतं त्याला. जाताना दारात उभा राहून म्हणाला, येताय का फिरायला, पुढे जागा आहे. मी म्हटलं, नको बाबा, मला माझी दुपारची झोप आहे." ते स्वतःशीच हसले. "मी नको म्हटलं."

मी खुर्चीकडे बघितलं. वेत सपाट, ताणलेला. मामांनी आग्रह केला म्हणून मी तिच्यात बसूनही बघितलं. नुसती खुर्ची होती.

मला न्यायला पोपट खाली येऊन थांबला होता; एरवी तो सामान नेतो आणि आम्ही रिक्षानं जातो, त्यामुळे महिनाभरात मी त्याच्या गाडीत बसले नव्हते. मी पुढचं दार उघडायला गेले तर तो आतून म्हणाला, "ताई, मागे बसा."

"का रे? सीट ओली आहे का?"

"मागे बसा ना."

आवाज त्याचा नेहमीचा नव्हता, आणि गाणी बंद होती. मी मागच्या सीटवर जाऊन बसले. पुढची सीट रिकामी होती, मला ती पूर्ण दिसत होती. त्यानं किल्ली फिरवली. हा टेम्पो नवा आहे. पुढच्या सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही, की पिकपिक, पिकपिक करून जीव खातो. तो तसा करायला लागला.

पोपटानं शेजारी बघितलं नाही. समोरच्या रस्त्यावर नजर ठेवून, घरातल्या मोठ्या माणसाशी बोलावं तसं अदबीनं म्हणाला, "पट्टा तेवढा लावून घ्या."

टक् असा आवाज झाला, आणि पिकपिक थांबली.